सल्ला हवा: द्राक्ष बागायतदारांसाठी पॉडकास्ट, व्हिडिओ करावा की नुसता ऑडिओ?

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीतर्फे ऑक्टोबर छाटणीच्या आधी द्राक्षावर साप्ताहिक पॉडकास्ट सुरू करायचा आहे. एक निवेदक, एक तज्ज्ञ पाहुणा, साधारण ४० मिनिटं. ऐकणारे बहुतेक निफाड, दिंडोरी आणि तासगावकडचे बागायतदार. संचालकांत सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो यूट्यूबशिवाय कुत्रं विचारणार नाही, दुसरा म्हणतो बागेत काम करताना व्हिडिओ बघायला वेळ कुणाला आहे? जागा म्हणजे कंपनीचं ऑफिस. दोन बरे फोन आहेत, कॅमेरा नाही. दोन्ही करायचं झालं तर काम किती वाढतं आणि कुठे अडतं, तेही सांगा.

कानसेन
आधी ऐकणाऱ्याचे हात आणि डोळे त्या वेळी कशात गुंतलेत ते बघा. विरळणी (घडातली गर्दी कमी करणं) चालू असताना दोन्ही घडावर असतात आणि फोन खिशात. गाडी चालवताना, पॅकहाउसला, पहाटे मोटार चालू करायला जाताना तेच. यूट्यूब फुकटात वापरणाऱ्याचा स्क्रीन बंद झाला की आवाजही बंद होतो, त्याला प्रीमियम लागतं. स्पॉटिफाय किंवा ॲपल पॉडकास्ट्सवर फुकटातही स्क्रीन बंद करून ऐकता येतं, घरच्या वायफायवर भाग उतरवून ठेवता येतो (शिवारात रेंजची बोंब असतेच).

डेटाचा हिशोबही धरा. ६४ केबीपीएस मोनो एमपी३ म्हणजे सेकंदाला ८ केबी, ४० मिनिटांना १९ एमबीच्या आसपास. तेवढाच वेळ ४८०पी व्हिडिओ लावला तर काहीशे एमबी जातात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर हा फरक जाणवतो.

तेव्हा ऑडिओला पर्याय नाही. व्हिडिओ जोडीला करायचा का, हा पुढचा प्रश्न.

टाइमलाइन
कानसेन, ऐकण्यापुरतं तुमचं म्हणणं पटतं. पण माणूस तुमच्यापर्यंत पोचणार कसा? पानावर डाग दिसला की बागायतदार यूट्यूबवर 'द्राक्ष डाउनी उपाय' (डाउनी म्हणजे केवडा रोग) शोधतो, पॉडकास्टच्या ॲपमध्ये नाही. यूट्यूबनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे पॉडकास्ट बघणारे-ऐकणारे महिन्याला १०० कोटींच्या वर आहेत. मराठीत अमुक तमुक, व्हायफळ ही नावं घेतली तरी लोकांच्या डोळ्यांसमोर यूट्यूबच येतं. नुसता ऑडिओ काढलात तर आहेत तेच सभासद ऐकतील, नवा माणूस येणार नाही.

शिवाय काही गोष्टी बोलून कळतच नाहीत. छाटणीत काडीवर कात्री नेमकी कुठे लावायची, विरळणीत घडाच्या पाकळ्या (बारीक फांद्या) कुठल्या काढायच्या, हे दाखवावं लागतं.

कानसेन
दाखवावं लागतं हे मान्यच. पण ते ४० मिनिटांच्या गप्पांच्या मध्यावर नको. बागेत जाऊन ३-४ मिनिटांची वेगळी क्लिप करा आणि भागात सांगा की क्लिप चॅनलवर आहे. नाहीतर पाहुणा पान हातात धरून म्हणतो, "हे असं दिसलं की समजायचं," आणि ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. अशा वेळी निवेदकाने लगेच बोलायचं: "म्हणजे पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळट डाग, आणि पान उलटं केलं की त्याच जागी पांढरी बुरशी, बरोबर?" सात-आठ सेकंदांचं काम आहे, आणि बघणाऱ्यालाही त्याने उलट जास्त कळतं. 'हे', 'असं', 'इतकं', 'इथून' हे चार शब्द निवेदकाच्या कागदावर लाल पेनाने लिहून ठेवा.

कच्चा भाग तयार झाला की कंपनीतल्या ज्याने रेकॉर्डिंग पाहिलेलं नाही अशा माणसाला नुसता ऐकवा. तो जिथे "काय दाखवलं?" म्हणेल तिथे एक वाक्य नंतर रेकॉर्ड करून घाला.

माळरान
वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे डाळिंबासाठी हेच चाललंय.

फेडर
दोन्ही करणार असाल तर आवाज कॅमेऱ्यावर सोडू नका. चित्र जरा मळकं असलं तरी लोक बघतात, आवाज खोलीतून घुमून आला की दोन मिनिटांत उठतात. फोन चार फुटांवर असेल तर त्याचा माइक माणसापेक्षा भिंतच जास्त ऐकतो.

माइक डायनॅमिक घ्या, कंडेन्सर नको. ऑफिसमध्ये फरशी, काच आणि लोखंडी कपाटं असणार. कंडेन्सर त्या सगळ्यांचा आवाज गोळा करतो, वर पंखा आणि रस्त्यावरचा ट्रॅक्टरही. सॅमसन क्यू२यू सारखे दोन पुरेत, त्याला यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही आहे. रेकॉर्डर म्हणून झूम पॉडट्रॅक पी४ बघा: चार माइक, प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक, आणि दोन पेन्सिल सेलवरही चालतो. लाईट गेली तरी रेकॉर्डिंग बुडत नाही. डायनॅमिक माइकला फँटम पॉवर (रेकॉर्डरकडून माइकला जाणारी वीज) लागत नाही, ते बटण बंद ठेवा.

तोंड ते माइक चार बोटं ते फार तर अर्धी वीत. माइक ओठांसमोर सरळ नको, जरा तिरका, म्हणजे 'प', 'फ', 'भ' चा फटका बसत नाही. (कार्यक्रमात 'भुरी' आणि 'फवारणी' हे शब्द किती वेळा येणार ते बघा.) दोन माइकांमधलं अंतर तोंड-माइक अंतराच्या निदान तिप्पट हवं, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्यात शिरतो आणि मिसळल्यावर पोकळ वाटतो. मोठ्यात मोठा आवाज −१२ डीबीच्या आसपास राहील असा गेन (माइकची लेव्हल) लावा. पाहुणे गप्पा रंगल्या की आवाज चढवतात, त्यामुळे सुरुवातीला "नाव सांगा" एवढ्यावर लेव्हल लावू नका, गेल्या हंगामात काय बिनसलं ते विचारा आणि त्यावर लावा.

भिंतींना गोधड्या किंवा जाड पडदे, टेबलावर सतरंजी. पंखा बंद, एसी बंद, फोन एअरप्लेन मोडवर.

एडिटिंगनंतर ऑडॅसिटीत 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' घ्या, −१६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप), आणि 'ट्रीट मोनो ॲज ड्युअल-मोनो' ला खूण करा. ती खूण करायची राहून गेली तर मोनो फाइल ३ डीबीने जास्त चढते. मग लिमिटर −१ वर. ॲपल −१६ मागतं, स्पॉटिफाय आणि यूट्यूब साधारण −१४ धरतात. यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं, पण बारीक आवाज वर उचलत नाही. म्हणून व्हिडिओसाठी −१४ ची वेगळी फाइल काढली तर बरं, नाही काढली तरी २ डीबीने आभाळ कोसळत नाही.

द्राक्षवेल
फेडर साहेब, मनापासून आभार. पण मग आवाज रेकॉर्डरवर आणि चित्र फोनवर, हे दोन्ही जुळवायचं कसं? आणि ऑफिसात ट्यूबलाइट आहेत. फोनने व्हिडिओ घेतला की चित्रावर पट्टे सरकताना दिसतात.

टाइमलाइन
पट्ट्यांचं आधी. आपली वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. फोन आपल्या मनाने शटर १/६० ला नेतो, मग पट्टे सरकतात. शटर १/५० किंवा १/१०० ला बांधून टाका. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात ते जमत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप आहे. २५ फ्रेमची सोय असेल तर २५, १/५०. ३० वरच घ्यावं लागलं तर १/१००. एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्सही कुलूपबंद, नाहीतर पाहुण्याने हात हलवला की चेहरा उजळतो-काळवंडतो.

आता जुळवणी. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर लावा, ४४.१ वर नको. सगळे चालू झाले की कॅमेऱ्यासमोर एक टाळी, आणि बंद करायच्या आधी दुसरी. शेवटची टाळी लोक विसरतात आणि खरं काम तिचंच आहे. दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात. सुरुवात बरोबर जुळली तरी ४० मिनिटांनी ओठ आणि आवाज फाकतात, ते शेवटच्या टाळीला नेमके किती फ्रेम फाकले ते मोजता येतं. आवाज ओठांच्या आधी आला तर ४५ मिलिसेकंदांच्या आसपासच डोळ्याला कळतं, मागून आला तर सव्वाशेपर्यंत खपतं. म्हणून सरकवायचाच तर मागे सरकवा. दोन-तीन फ्रेमचा फरक असेल तर मध्ये जिथे दोघंही गप्प आहेत तिथे ट्रॅक कापून सरकवला की भागतं.

फाकणं सारखं वाढत नसेल, मध्येच जास्त मध्येच कमी असेल, तर घड्याळाचा दोष नाही. फोनने फ्रेमरेट बदलता ठेवलाय. हँडब्रेकमध्ये फाइल 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घ्या, मगच दाविंची रिझॉल्व्हमध्ये टाका. दाविंचीची फुकट आवृत्ती तुमच्या कामाला पुरून उरेल.

जागा: १०८०पी ला फोन मिनिटाला ६० ते १३० एमबी खातो. ४० मिनिटांना एका फोनचे अडीच ते पाच जीबी. फोर-के च्या नादी लागू नका, फोन तापतो आणि मध्येच बंद पडतो.

काम किती वाढतं? ऑडिओत अडखळणं कापलं की कुणाला कळत नाही, व्हिडिओत प्रत्येक कापाला डोकं टुणकन उडी मारतं. ते झाकायला दुसरा फोन दुसऱ्या कोनातून. दोघांचे चेहरे स्वतंत्र घ्या, एकत्र चित्र नसलं तरी चालेल. तरी एडिटिंगचा वेळ ऑडिओच्या दुप्पट-तिप्पट धरा.

एन्क्लोजर
होस्टिंगवर कुणी बोललं नाही म्हणून. ऑडिओसाठी एक होस्ट (फाइली ठेवणारी सेवा) निवडा, तो आरएसएस फीड (ॲपना नवे भाग कळवणारा पत्ता) देतो, तीच फीड ॲपल आणि स्पॉटिफायला एकदाच नोंदवायची. पुढे होस्ट बदलताना ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवणं) देतो का ते आधीच विचारा. नाही दिलं तर जुने श्रोते जुन्या पत्त्यावरच राहतात आणि तुमचे नवे भाग त्यांना दिसत नाहीत. फीडमधला ईमेल कंपनीचा ठेवा, एडिटिंग करणाऱ्या पोराचा नको. मालकी पटवायचा कोड त्यावर येतो. मुखचित्र चौकोनी, ३००० बाय ३०००, जेपीजी किंवा पीएनजी.

दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, यूट्यूबला आरएसएस जोडली तर ते स्थिर चित्राचे व्हिडिओ बनवतं. तुम्ही खरा व्हिडिओ चढवणार असाल तर ती जोडू नका, एकच भाग दोनदा दिसेल. व्हिडिओची प्लेलिस्ट करून यूट्यूब स्टुडिओत तिला 'पॉडकास्ट' म्हणून लावा. दुसरं, स्पॉटिफायवर व्हिडिओ चढवला की तिथे तुमच्या फीडच्या ऑडिओऐवजी त्या व्हिडिओचाच आवाज वाजतो, आणि होस्टच्या आकड्यांतून स्पॉटिफायचे श्रोते गायब होतात. संचालकांना वाटतं श्रोते पळाले. तुम्ही व्हिडिओ फक्त यूट्यूबवर ठेवा.

आकड्यांची बेरीज करू नका. होस्टचं 'डाउनलोड' निदान एका मिनिटाचा मजकूर उतरला की धरलं जातं, मग माणसाने ऐको न ऐको. स्पॉटिफायचा 'स्ट्रीम' ६० सेकंद ऐकल्यावर. यूट्यूबचा 'व्ह्यू' आणखी वेगळा. त्यापेक्षा यूट्यूबचा रिटेन्शन आलेख आणि स्पॉटिफायचा तसाच आलेख शेजारी ठेवून लोक कुठे सोडतात ते बघा.

छाटणी_सल्लागार
तंत्राचं झालं, मजकुरातली एक धोक्याची जागा सांगतो. औषधाचं प्रमाण. फवारणीच्या ब्लोअरच्या आवाजात 'दीड' आणि 'अडीच' ऐकणाऱ्याला सारखंच वाटू शकतं. आकडा दोनदा म्हणा आणि एककासकट म्हणा: लिटरला ग्रॅम की एकरी ग्रॅम. काढणीपूर्व किती दिवस फवारायचं नाही तेही त्याच वाक्यात, निर्यातीचा माल औषधाच्या उरलेल्या अंशापायी तिथेच अडकतो. आणि हे सगळं भागाच्या वर्णनात लिहून, रेकॉर्डिंगच्या तारखेसह.

नंतर शिफारस बदलली तर काय, हा प्रश्न एन्क्लोजर यांना.

एन्क्लोजर
चांगला मुद्दा. ऑडिओत होस्टवर त्याच भागाची फाइल बदलता येते, नवीन उतरवणाऱ्याला दुरुस्त आवाज मिळतो. ज्याने आधी उतरवून ठेवलाय त्याच्याकडे जुनाच राहतो, म्हणून पुढच्या भागाच्या सुरुवातीला दुरुस्ती बोलून सांगा. यूट्यूबवर फाइल बदलता येत नाही. स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढा तुकडा कापता येतो, पण त्या जागी नवा घालता येत नाही. त्यामुळे प्रमाणाचा भाग सलग आणि वेगळा ठेवा, मागची-पुढची वाक्यं त्यावर टेकलेली नकोत. मग कापला तरी भाग लंगडा होत नाही.

द्राक्षवेल
सगळ्यांना धन्यवाद. उद्याच्या बैठकीत असं मांडतो: दर आठवड्याला ऑडिओ, तेच संभाषण दोन फोनवर घेऊन यूट्यूबला, आणि बागेतली छोटी क्लिप वेगळी. एक राहिलं. बरेच सभासद कुठलंच ॲप घेणार नाहीत, त्यांना सगळं व्हॉट्सॲपवर लागतं. तिथे लिंक टाकावी की फाइल?

कानसेन
दोन्ही टाका, पण फाइल ६४ केबीपीएस मोनोच, आणि 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा म्हणजे नाव दिसतं. नाव 'एपिसोड ७ फायनल नवीन' असं नको, 'द्राक्ष ०७ डाउनी ऑक्टोबर छाटणीनंतर' असं. जानेवारीत कुणी ग्रुपमध्ये शोधलं तर सापडलं पाहिजे.

टाइमलाइन
आणि यूट्यूबवर व्हिडिओच्या वर्णनात वेळेचे टप्पे टाका. पहिला ०:०० पासूनच, निदान तीन, आणि प्रत्येक टप्पा निदान १० सेकंदांचा. यातलं एक जरी चुकलं तर चॅप्टर पडत नाहीत आणि का पडले नाहीत हे यूट्यूब सांगत नाही.