घुंगरू अजून कामाचं आहे

रात्रीच्या गळाच्या मासेमारीवरच्या या चर्चेत वर कोणी म्हटलंय, की इलेक्ट्रॉनिक अलार्मशिवाय (तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, ओढली गेली की वाजणारं यंत्र) रात्री शिंगाळा मासा धरायला बसण्यात अर्थ नाही. ते तळ्यापुरतं खरं. वाहत्या नदीत नाही पटत. पवनीकडे वैनगंगेला धार असली की पाण्यातला कचरा तंगुसाला अडकतो. माझा अलार्म तासभर नुसता कोकलत होता, शेवटी बंद करून पिशवीत टाकला. आता बैलाच्या माळेतलं सुटलेलं एक घुंगरू चिमट्यानं रॉडच्या टोकाला लावतो. कचऱ्यानं ते बारीक किणकिणतं, मासा ओढतो तेव्हा एकदम खणखणतं. दोन रात्रींत कान तयार होतो.

पण रीलबद्दल, म्हणजे तंगूस गुंडाळायच्या चकरीबद्दल, कोणीच बोललं नाही, अन् खरी गोम तिथंच आहे. साध्या स्पिनिंग रीलचा ड्रॅग (तंगूस सहज सुटू न देणारा ब्रेक) आवळून ठेवला, तर घुंगरू वाजल्यावर तुम्ही चप्पल शोधेपर्यंत रॉड नदीत. (माझा एक गेला असाच.) बेटरनर रीलची मागची कळ टाकली की मासा बिनधास्त तंगूस ओढत नेतो, हँडल फिरवलं की मुख्य ड्रॅग लागतो. तेवढा खर्च नको असेल तर साध्या रीलचा ड्रॅग ढिला ठेवा, फक्त गळ रुतवायला झटका द्यायच्या आधी आवळायला विसरू नका. आणि गळ काढताना टॉर्च लावाच. शिंगाळ्याच्या कल्ल्यामागचे काटे अंधारात बरोबर हाताला सापडतात.