मातीच्या कॉफी ड्रिपरच्या कंगोऱ्यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. जुन्या नाशकातील एका कुंभारकाकांकडून मी कॉफी गाळण्याचा मातीचा ड्रिपर घडवून घेत आहे. परंतु तिसऱ्या नमुन्यातही पाणी तुंबते आणि २५० मिलिलिटर कॉफी उतरायला सहा मिनिटे लागतात. तीच पूड मित्राच्या प्लास्टिकच्या ड्रिपरमधून तीन मिनिटांत उतरते, म्हणजे दोष दळण्याचा नसावा.

१९०८ मध्ये जर्मनीतील मेलिटा बेंट्झ यांनी कॉफी गाळण्यासाठी भोके पाडलेल्या पितळी भांड्यात मुलाच्या वहीचा टीपकागद घातला, तेव्हा कंगोऱ्यांचा (आतील भिंतीवरच्या उंचवट्यांचा) प्रश्न नव्हता. मी मात्र हारिओ या जपानी कंपनीच्या व्ही६० ड्रिपरप्रमाणे ६० अंशांचा शंकू, तळाशी एकच मोठे छिद्र आणि आतून वळणदार कंगोरे ठेवले आहेत. कागद भिंतीला चिकटू नये व त्यामागून हवा निघून जावी, हेच त्या कंगोऱ्यांचे काम असते, आणि माझा संशय असा की ग्लेझच्या (मातीवरील काचेसारख्या लेपाच्या) थराखाली ते बुजून जात आहेत. (काकांच्या मते माझा कागदच जाड आहे.)

भाजल्यावर माती आकसते, त्यामुळे छिद्रही लहान होते. तेव्हा ओल्या मातीत कंगोऱ्यांची उंची आणि छिद्राचा व्यास किती ठेवावा? आतील बाजूस ग्लेझ पातळ द्यावे की कंगोरेच अधिक उठावदार करावेत? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.