एमसीबी पडला नाही, तरी उपकरणं गेली. एसपीडीने भागेल का?

प्रश्न
परवा रात्री जवळच कुठेतरी वीज पडली. दिवे गेले नाहीत, नुसते लुकलुकले. सकाळी दोन-तीन घरांचे राउटर बंद आणि लिफ्टचं कंट्रोल कार्ड गेलेलं. आमचा टीव्ही रिमोटने बंद होता. तो आता चालू होतो, पण एचडीएमआय पोर्ट मेलेत. एमसीबी, आरसीसीबी (पॅनेलमधले आपोआप पडणारे स्विच) काहीच पडलं नव्हतं. वायरमन म्हणतो, मेन पॅनेलला एसपीडी लावा, म्हणजे सर्ज (व्होल्टेजची क्षणिक उसळी) अर्थकडे वळवणारं उपकरण. तेवढं पुरेल?

उत्तर
माझं कामच पॅनेलचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. एमसीबी जादा करंट बघतो आणि पडायला त्याला काही मिलिसेकंद तरी लागतात. सर्ज मायक्रोसेकंदांत येऊन जातो. आरसीसीबी करंटची गळती बघतो. स्टॅबिलायझरचा रिले तर आणखी सुस्त.

एसपीडी जरूर लावा, पण लावताना समोर उभे राहा. पॅनेल उघडलं की मला नेहमी दिसतं ते असं: एसपीडी उत्तम, आणि त्याची अर्थची हिरवी वायर पॅनेलभर फिरवून, उरलेलीचं वेटोळं करून टायने आवळलेली. दिसायला नीटनेटकं, पण संरक्षण तिथेच संपतं. सर्जचा करंट इतक्या झपाट्याने चढतो की मीटरभर वायरवरच हजारेक व्होल्ट उभे राहतात. एसपीडीने दीड हजारावर अडवलं तरी पुढे अडीच हजार जातात. फेजकडची आणि अर्थकडची वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत हवी, आणि सरळ.

इमारतीवर तडितरक्षक असेल तर मेनला टाइप १ (थेट विजेचा करंट झेलणारा एसपीडी), मजल्यांच्या डीबीत, म्हणजे छोट्या पॅनेलांत, टाइप २ (उरलेला सर्ज अडवणारा). लिफ्टच्या पॅनेलला वेगळा टाइप २ द्या, कारण मेनपासून दहा मीटरपलीकडे व्होल्टेज पुन्हा चढू शकतं.

तुमचे एचडीएमआय पोर्ट गेले, पॉवर सप्लाय शाबूत आहे. म्हणजे तो सर्ज बहुधा लाइटच्या वायरने नाही, टीव्हीची केबल किंवा लॅनने (इंटरनेटच्या वायरने) आला. केबलचं अर्थिंग कुठे आहे?

प्रश्नकर्ता
गच्चीवर केबलवाल्यांनी वेगळं अर्थिंग केलंय. मेनच्या अर्थिंगशी संबंध नाही.

उत्तर
मग दोन अर्थिंगमधला व्होल्टेजचा सगळा फरक तुमच्या टीव्हीवर आला. एका बाजूला केबल, दुसऱ्या बाजूला प्लग. ती दोन्ही अर्थिंगं जाड वायरने मेनच्या अर्थ बारला जोडून घ्या आणि केबल, लॅन जिथून आत येतात तिथे त्यांचे स्वतंत्र प्रोटेक्टर लावा. हे राहिलं तर पॅनेलमधला एसपीडी कितीही भारी असो, राउटर पुन्हा जातील.

आणखी एक उत्तर
एक भर. थ्री-फेज सप्लायचा न्यूट्रल तुटला तर २३० व्होल्टचे ४००च्या जवळ जाऊ शकतात, आणि ते टिकून राहतात. त्यावर एसपीडीचा उपयोग नाही, उलट तोच तापून जळू शकतो. त्यासाठी ओव्हर-व्होल्टेज रिले वेगळा लागतो.

प्रश्नकर्ता
पंपाच्या पॅनेलमध्ये जुना एसपीडी सापडला. त्याची स्थिती दाखवणारी खिडकी लाल आहे, पण पंप व्यवस्थित चालतोय.

उत्तर
लाल म्हणजे तो संपलाय. आतला व्हॅरिस्टर (सर्ज झेलणारा भाग) प्रत्येक सर्जला थोडा झिजतो आणि शेवटी सर्किटमधून सुटतो. लाइट चालूच राहते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. निघणारं कार्ट्रिज असेल तर तेवढंच बदला, आणि पावसाळ्याआधी सगळ्या खिडक्या पाहायचं काम सोसायटीत एकाकडे नेमून द्या.