कोरियन भविष्यकाळ: ‘गॉयेयो’, ‘गेत’ की ‘ल्गेयो’?

जास्वंदी:
‘काल गॉयेयो’, ‘कागेस्सॉयो’, ‘काल्गेयो’. माझ्या वहीत तिन्हींपुढे ‘मी जाईन’ असंच लिहिलंय. मग कुठे कोणतं वापरायचं? शिवाय मालिकांमध्ये समोर ताट आलं की घास घ्यायच्या आधीच ‘माशित्केत्ता!’ म्हणतात. त्यात भविष्यकाळ कुठून आला? कुणी नीट उलगडून सांगेल का?

दीर्घवेलांटी:
जास्वंदी, हे इंग्रजीतून नको, थेट मराठीतून समजून घे. मी शिकवताना फळ्यावर आधी ‘जाणार आहे’ लिहिते. ‘काल’ म्हणजे जाणार, ‘गॉ’ म्हणजे गोष्ट, ‘येयो’ म्हणजे आहे. ‘काल’च्या शेवटचा हाच ‘ल’ नामाआधीही येतो: ‘नेइल मान्नाल साराम’, उद्या भेटणारा माणूस. ठरलेला बेत सांगायला हे रूप. आता आपलं ‘तो घरी असेल’ बघ. रूप भविष्याचं, पण अंदाज आत्ताचा. कोरियनमध्येही तेच, ‘चिबे इस्सुल गॉयेयो’. इतकंच काय, ‘गेला असेल’साठी भूतकाळालाच हे जोडतात: ‘कास्सुल गॉयेयो’. मला हे फार आवडतं, कारण मराठी माणसाला इथे वेगळं काही शिकावंच लागत नाही.

‘ल्गेयो’ म्हणजे ऐकणाऱ्याला दिलेला शब्द. भांडी कोण घासणार असं कुणी विचारलं की ‘चेगा हाल्गेयो’, ‘मी घासते’. तिथे ‘हाल गॉयेयो’ म्हटलंस तर तुझं आधीच ठरलं होतं असं वाटेल. हे रूप फक्त स्वतःबद्दल, आणि प्रश्नात कधीच नाही. ‘करू का?’ विचारायला ‘हाल्क्कायो?’ आहे.

राहिला ‘गेत’. समोर दिसतंय त्यावरून तिथल्या तिथे बांधलेला अंदाज. ताट बघून ‘माशित्केत्ता’, म्हणजे ‘चविष्ट असणार!’ हवामानाच्या बातम्यांत ‘पिगा ओगेस्सुम्निदा’, पाऊस पडेल. आदराने विचारताना ‘तुशिगेस्सॉयो?’, अगदी आपलं ‘घ्याल का?’ ‘आल्गेस्सुम्निदा’ (समजलं), ‘मोरुगेस्सॉयो’ (माहीत नाही) ही मात्र जशीच्या तशी तोंडात बसव.

पाटीपेन्सिल:
रूपं करताना धातूचा शेवट बघा. स्वर असेल तर नुसता ‘ल’, व्यंजन असेल तर ‘उल’: खाणे, ‘मॉक्ता’, त्याचं ‘मॉगुल गॉयेयो’. मुळातच ‘ल’ असेल तर आणखी काही लागत नाही, राहणे, ‘साल्दा’, त्याचं ‘साल गॉयेयो’. छळतात ते अनियमित धातू. ऐकणे, ‘तुत्ता’, त्याचं ‘तुरुल गॉयेयो’. थंडी असणे, ‘छुप्ता’, त्याचं ‘छुउल गॉयेयो’. पण ‘पात्ता’, मिळणे, हा ‘तुत्ता’सारखा दिसूनही सरळ चालतो: ‘पादुल गॉयेयो’. तेव्हा धातू पाठ करताना हे रूपही सोबतच पाठ करा.

आणि ‘ल’नंतरचा ‘ग’ बोलताना ठसक्यात ‘क्क’ होतो: ‘काल क्कॉयेयो’, ‘हाल्क्केयो’. पूर्वी ‘ल्गे’ लिहितानाही जोड अक्षर वापरायचे. 1988च्या शुद्धलेखन नियमांनी ते साधं केलं. जुन्या मजकुरात दिसलं तर गोंधळू नका.

जास्वंदी:
दीर्घवेलांटीताई, ‘घासते’ वाचलं आणि उजेड पडला! एकच राहिलं. दवाखान्याच्या प्रसंगात नर्स पेशंटला ‘इच्चोगुरो ओशिल्गेयो’ म्हणते. ते स्वतःबद्दल कुठे आहे?

दीर्घवेलांटी:
बरोबर पकडलंस. दवाखान्यात, सलूनमध्ये हे सर्रास ऐकू येतं, पण व्याकरणात ते चूकच धरतात. ‘इकडे या’साठी तू ‘इच्चोगुरो ओसेयो’ म्हण. आणि ‘उद्या जाते’सारखं नुसतं ‘नेइल कायो’ही चालतं, ‘उद्या’ शब्द असला की वर्तमानकाळ पुरतो.