दापोलीजवळ होमस्टे सुरू करायचाय, आधी काय बघू?

सुपारीवाली
नमस्कार मंडळी. कर्दे-मुरूडच्या पट्ट्यात सासऱ्यांचं जांभ्याचं कौलारू घर आहे. मागे नारळ-सुपारीची वाडी, समुद्र चालत पाच मिनिटांवर. सासू-सासरे कायम तिथेच असतात. मी पुण्यातली नोकरी सोडून जायचं म्हणतेय, नवरा शनिवार-रविवार येऊन-जाऊन. रस्त्याकडच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायचा विचार आहे. धाकटे दीर म्हणतात, करायचंच तर कर्ज काढून वाडीत चार कॉटेज बांध, दोन खोल्यांत काय मिळणार? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. 'करू नका' असं म्हटलं तरी चालेल, फक्त कारण द्या.

खळ्यावरचा
आमचं आंजर्ल्याला आहे, त्यामुळे शेजारधर्म म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, पहिला प्रश्न खोल्यांचा नाही. सातबारा आणि घरपट्टी कोणाच्या नावावर आहे? सासऱ्यांच्या एकट्याच्या असेल तर सुटलात. सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची संमती आत्ताच लेखी घ्या, स्टॅम्प पेपरवर. 'आमची काही हरकत नाही गं' हे फोनवरचं वाक्य धरू नका. घर गळत असतं तोवर कोणी विचारत नाही. मे महिन्यात अंगणात चार गाड्या लागलेल्या दिसल्या की मुंबईच्या चुलत्यांना आपला वाटा आठवतो. आमच्या वाडीतले दोन चांगले चाललेले होमस्टे याच पायी बंद पडले, गिऱ्हाईक नाही म्हणून नव्हे.

कॉटेजचं म्हणाल तर दिरांना सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नकाशा बघायला सांगा. २०१९च्या अधिसूचनेप्रमाणे, २०११च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१पेक्षा जास्त वस्ती असलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र (सहसा नवं बांधकाम करता येत नाही असा पट्टा) आहे, त्याहून विरळ वस्तीच्या गावात २०० मीटर. समुद्र पाच मिनिटांवर म्हणजे वाडीचं एखादं टोक त्यात सहज येईल. त्याच अधिसूचनेत स्थानिकांना आहे त्या घरात होमस्टे करायला वाव आहे, पण जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे तुमचं जुनं घर हीच तुमची जमेची बाजू.

हिशेबी
वरच्याशी सहमत, पण दोन खोल्यांत पगार सुटणार नाही हेही कोणीतरी सांगायला हवं. दापोलीचा धंदा शनिवारचा. वर्षाचे ५२ शनिवार, त्यातले पावसाळ्याचे सतराएक वजा करा. उरले ३५. दोन खोल्या म्हणजे ७० रात्री. मे, दिवाळी आणि नाताळातले मधले वार जोडा. एजंट लोक वर्षाचे ३६५ दिवस भरलेले दाखवून प्रकल्प अहवाल करून देतात, बँक तो मान्यही करते, पण हप्ता मात्र जुलैतही भरावा लागतो.

कर्ज घ्यायचंच असेल तर २०२३चं महिलांसाठीचं 'आई' पर्यटन धोरण बघा. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, राज्य सरकार परत देतं. एकूण साडेचार लाख किंवा सात वर्षं, जे आधी होईल तोवर. व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा आणि निम्म्या कर्मचारी बायका हव्यात. आधी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. जीएसटी: वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. बुकिंग ॲपवरून आलेल्या खोलीचा कर तशा वेळी ॲपच भरतं. मात्र त्यांचं कमिशन तुमच्या दरातूनच जातं, ते धरून दर लावा.

पायी_भटकी
मी पाहुण्याच्या बाजूने बोलते. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला गेलो होतो. तिथे गावकऱ्यांच्या घरीच उतरायचं. खोलीत एसी नव्हता, टीव्ही नव्हता. जेवायला घरात शिजेल ते. कोणी तक्रार केली नाही. तक्रार होते ती संडास-बाथरूमची. नवीन पैसा घालायचा तर तिथे घाला आणि गाद्यांत घाला. दर्शनी भागावर कृपा करून गुलाबी रंग मारू नका.

सुपारीवाली
खूप आभार! सातबारा बघितला, सासरे आणि दोन चुलतसासरे अशी तीन नावं आहेत. त्यामुळे गणपतीत सगळे जमतील तेव्हा कागद करायचा असं सासऱ्यांनीच ठरवलं. कॉटेज तूर्त बाजूला. आता दोन अडचणी. सासूबाईंना रोजचा मासळीचा स्वयंपाक झेपेल का? आणि पिणारे लोक आले तर?

खळ्यावरचा
सासूबाईंवर स्वयंपाक टाकू नका. चव त्यांची, मेहनत दुसऱ्या कोणाची, असं ठेवा. गावातली एखादी ताई नियमित पगारावर घ्या, नुसत्या सीझनपुरती घेतली की ऐन मे महिन्यात ती मोठ्या रिसॉर्टकडे जाते. मेनू आदल्या रात्री विचारून घ्यायचा. हर्णैच्या लिलावात मिळेल तो मासा, अमुकच हवा असं कबूल करायचं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा घावणे, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, असं सरळ सांगा. जूनमध्ये ताजं पापलेट मागणारे येतातच. अन्न विकायचं म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागेल, ती ऑनलाइन होते.

पिण्याचं बुकिंगच्या फोनवरच सांगायचं: घरात म्हातारी माणसं आहेत, इथे चालणार नाही. निम्मे तिथेच गळतात, गळू देत. प्रत्येकाचं ओळखपत्र घेऊन नोंदवहीत लिहा. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती सरकारला २४ तासांत ऑनलाइन कळवायची, हे विसरलात तर त्रास तुम्हालाच.

हिशेबी
आणि इन्व्हर्टर! निसर्ग वादळानंतर, जून २०२०मध्ये, तुमच्या पट्ट्यात कित्येक दिवस वीज नव्हती. एरवीही पावसात जातेच. विहिरीचा पंप चालेल एवढी सोय करा, नाहीतर शनिवारी आठ माणसं आणि टाकी रिकामी.

सुपारीवाली
पंपाचं डोक्यातच आलं नव्हतं. विहिरीला एप्रिल-मे मध्ये पाणी किती राहतं ते सासऱ्यांना विचारते आणि मग किती माणसं घ्यायची ते ठरवते.

खळ्यावरचा
चवही बघा. आमच्याकडे मे अखेरीला काही विहिरी मचूळ होतात. प्यायचं पाणी वेगळं आणावं लागलं तर ते दरात धरा.