संस्थेला फोटो फुकट कशाला द्यायचा?

फ्लॅशमारुती
परवा इथेच एकाने लिहिलं, "सामाजिक संस्थेला फोटो देणं हे पुण्य आहे. बिल लावायची हौस असेल त्यांनी लग्नाचे फोटो काढावेत." तिथेच दोन ओळी खरडून गप्प बसणार होतो, पण दोन दिवस डोकं ठणकतंय. म्हणून वेगळा धागा. लांबण लागेल, आधीच सांगतो.

लग्नाचे फोटो मी काढतोच. त्यावरच घर चालतं. २०१६ च्या दुष्काळात, एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, तेव्हा स्वतःच्या पेट्रोलने तीन दिवस तिकडे होतो. एका गल्लीत टँकरसाठी घागरी रांगेला लावलेल्या, प्रत्येकीवर ऑइलपेंटने नाव, आणि शेवटच्या घागरीवर हात ठेवून एक आजी उकिडवी बसलेली. एका संस्थेने तो फोटो मागितला. "वेबसाइटला एकच हवाय, खाली नाव टाकू." दिला.

२०१९ च्या मार्चात दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. भिंतीवर कॅलेंडर. चाळा म्हणून पान उलटलं तर एप्रिलवर माझी आजी! घागरींवरची नावं कापलेली, माझं नाव तर नाहीच. खाली कोपऱ्यात संस्थेचं चिन्ह आणि शेजारी एका कंपनीचा वीतभर लोगो. फोन केला तर म्हणे, "सर, ते आमचे सीएसआर पार्टनर, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून पैसे देणारे. आणि तुम्ही समाजासाठीच दिला होतात ना?"

कागदवाल्याने पैसे घेतले. छापणाऱ्याने घेतले. कुरियरवाल्यानेही घेतले असतील. मग फोटो तेवढा प्रसादाचा?

आगाऊ पाहुणा
फुकट ते पौष्टिक. +१

मुक्ता७
तो पुण्यवाला प्रतिसाद माझा नव्हता, पण मी टेबलाच्या पलीकडची आहे म्हणून लिहिते. चौदा वर्षं एका छोट्या संस्थेत आहे. पगार सांगितला तर इथले निम्मे लोक हसतील. कॅलेंडरवाला प्रकार चूकच, त्यावर वादच नाही. पण सगळ्या संस्थांच्या दारात कंपन्या थैल्या घेऊन उभ्या असतात असं जे चित्र रंगवलंय ना, ते तुमच्या लग्नाच्या अल्बमसारखं आहे. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाला पूर्वी ५० टक्के चालायचे, २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर २० टक्के. त्यात भाडं, वीज, अकाउंटंट. फोटोचे पाच हजार मी कुठल्या ओळीत दाखवू?

फ्लॅशमारुती
छापणाऱ्याचे ज्या ओळीत दाखवता त्याच ओळीत.

हिशेबनीस
संस्थांची ऑडिट करून केस पांढरे झाले, म्हणून बोलतो. मुक्ताताई, सीएसआरचा प्रस्ताव लिहितानाच 'दस्तऐवजीकरण' अशी ओळ घालता येते. घालत नाही, कारण फुकट मिळतं हे माहीत असतं.

आणि मारुतीराव, तुमचाही कान धरतो. परवानगी देताना काय लिहून दिलंत?

फ्लॅशमारुती
व्हॉट्सॲपवर अंगठा.

हिशेबनीस
वाटलंच. १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो की परवानगी लेखी हवी. लेखी दिलीत पण मुदत घातली नाहीत, तर ५ वर्षं धरतात. हद्द लिहिली नाहीत तर सगळा भारत. खाली नाव टाकणं ही मेहेरबानी नव्हे, त्याच कायद्याच्या कलम ५७ ने दिलेला हक्क आहे. आणि सगळ्यात गमतीचं: कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन फोटो काढलात आणि करार केला नाहीत, तर त्याचा पहिला मालक पैसे देणारा.

आगाऊ पाहुणा
म्हणजे फुकट काढला तर माझा आणि पैसे घेतले तर त्यांचा? धन्य तो कायदा!

हिशेबनीस
धन्य कसला? "हक्क छायाचित्रकाराकडे राहतील" ही एक ओळ करारात टाका की झालं. ती टाकायला लाजता आणि मग धागे काढता.

अजून एक. "फोटोचे पैसे नाहीत, पण ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती देतो" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. वस्तू दिली, सेवा दिली तर ८०जी लागू होत नाही, पैसेच द्यावे लागतात. रोख असतील तर २००० च्या वर तेही चालत नाहीत. खरंच दान करायचं असेल तर बिल लावा, पैसे खात्यात घ्या, उत्पन्नात दाखवा आणि मग चेक द्या.

गोदाकाठ
सगळं वाचलं. कायदा झाला, बिल झालं, ८०जी झालं. आजीला काय मिळालं?

फ्लॅशमारुती
आलात का मूळ मुद्दा सोडून? मी तिला विचारून फोटो काढला होता. ती हसली होती.

गोदाकाठ
हसली म्हणजे कॅलेंडरवर छापा म्हणाली का? तिचं नाव काय?

फ्लॅशमारुती
घागरीवर होतं. आता आठवत नाही.

गोदाकाठ
हेच तर. तुमचं नाव कापलं तर धागा निघतो, तिचं नाव तुम्हालाच आठवत नाही.

माझी आई एका संस्थेच्या माहितीपत्रकावर होती. शेतातून येताना कुणीतरी फोटो काढला, डोक्यावर सरपण. खाली छापलं 'निराधार महिला'. तीन पोरं, चार एकर रान, दारात दोन म्हशी. ते पत्रक तालुक्याला पंचायत समितीत टेबलावर पडलेलं. मामाने उचलून घरी आणलं. आई वाचायला शिकलेली नव्हती, मलाच वाचून दाखवायला लावलं. मी 'कष्टाळू महिला' असं वाचलं. चौथीत होतो. पुढे शेजारणीने खरं काय ते सांगितलंच. त्यानंतर गावात कॅमेरावाला आला की आई आत जायची. माझ्या लग्नातसुद्धा तिचा धड फोटो नाही.

निवडुंग
वाईट वाटलं वाचून. तरीही असहमत. फोटोतल्या प्रत्येकाला पैसे द्यायचे ठरवलंत तर उद्या टँकर आला की लोक आधी रडायची तालीम करतील.

गोदाकाठ
तुमच्या गल्लीत टँकर येतो का हो?

निवडुंग
वैयक्तिक होऊ नका.

गोदाकाठ
फोटो वैयक्तिकच असतो.

बेळगावी कुंदा
हा वाद जुना आहे. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात डोरोथिया लँग या अमेरिकन फोटोग्राफरने काढलेला तो आई आणि लेकरांचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. सरकारी कामावर काढलेला, त्यामुळे कुणीही फुकट छापावा. लँगला पगार मिळाला आणि नावही झालं. ती बाई कोण हे जगाला १९७८ मध्ये कळलं, आणि आपल्याला एक दमडीही मिळाली नाही म्हणून ती चिडलेली होती. गंमत म्हणजे १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा लोकांनी वर्गणी पाठवली ती त्याच फोटोच्या ओळखीवर. आता करा हिशेब.

मुक्ता७
आम्ही संमतीपत्र घेतो. (खरं सांगायचं तर ते इंग्रजीत आहे. देणगीदारांनी पाठवलेलं. अंगठा घेतो आणि फाइल करतो. हे लिहिताना कसंतरी होतंय, पण लिहिते.)

आगाऊ पाहुणा
इकडेही अंगठा, तिकडेही अंगठा.

फ्लॅशमारुती
गोदाकाठ, काल रागाने बरंच लिहिलं होतं, पाठवलं नाही. रात्री जुनी हार्डडिस्क काढली. मूळ फोटो शंभर टक्के मोठा करून बघितला. शेवटच्या घागरीवर 'सुमन' पर्यंत वाचता येतं, पुढे हात आहे. ती घागर तिचीच असेल असंही नाही. तुमचं म्हणणं सगळं पटलं असं अजिबात समजू नका. आजीला न्याय मिळाला नाही म्हणून माझं बिल बुडवायचं, हे कुठलं गणित? पण हो, नाव विचारायला हवं होतं. तीन दिवस होतो तिथे.

गोदाकाठ
बिल बुडवा असं मी म्हणालोच नव्हतो. तुमच्या बिलात तिचीही एक ओळ हवी, एवढंच. दोनशे रुपये नाहीतर एक छापील प्रत. आईला तो फोटो चांगला फ्रेम करून दिला असता तर तिने मिरवला असता, सरपणासकट.

निवडुंग
प्रत द्यायला माझी ना नाही. पैशाला आहे.

हिशेबनीस
निवडुंगाला फूल आलं!
आता मूळ धाग्यावर येऊ. माझे एक अशील फोटोग्राफर आहेत, त्यांची पद्धत सांगतो. संस्था छोटी असो की मोठी, बिल पूर्णच लावतात. वेबसाइट, एक वर्ष, ६००० रुपये. खाली 'सूट ४०००'. देय २०००. अगदीच फाटक्या संस्थेला सूट ६०००, देय शून्य, पण बिल जातंच. त्यावर छापलेलं असतं: कॅलेंडर, जाहिरात, प्रायोजकाचा लोगो असेल तर वेगळा दर, आणि आधी विचारायचं. पुढच्या वर्षी संस्था बजेट लिहायला बसली की तो ६००० चा आकडा समोर असतो.

मुक्ता७
हे मला चालेल. खरंच चालेल. शून्याचं बिल आलं असतं तर मीच विश्वस्तांपुढे ठेवलं असतं. सोमवारी मीटिंग आहे. हिशेबनीस, त्या बिलाखालच्या ओळी जशाच्या तशा इथे टाकाल का? आणि संमतीपत्र मराठीत करायला घेते, गोदाकाठ, तुम्ही वाचून द्याल का?

गोदाकाठ
देतो. फुकट देतो, लगेच बिल मागू नका.

हिशेबनीस
ओळी टाकतो रात्री. खुशाल वापरा, माझी परवानगी आहे.

आगाऊ पाहुणा
लेखी द्या. आणि मुदत घाला, नाहीतर ५ वर्षं धरतात म्हणे.