कोथरूडचा पुनर्विकास आणि मायवान: एका बारा मजली विंगला परवडतं का?

ओळंबा (धागाकर्ता)

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगरच्या सोसायट्यांकडे पुनर्विकासाचे जे प्रस्ताव येतात, त्यात हल्ली 'मायवान कन्स्ट्रक्शन' ही ओळ हमखास असते. व्हिडिओ डोअरफोन आणि ब्रँडेड नळांच्या यादीत ती छापलेली असते, जणू सभासदांना दिलेली भेटच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अ‍ॅल्युमिनियमची पॅनल पिन आणि वेजने (पाचरीने) जोडून मजल्याच्या सगळ्या भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओतायचे. वीटकाम नाही, आतून प्लास्टर नाही.

माझं मत सरळ आहे. हिंजवडी-पुनावळेला एकाच नकाशाचे पाच-सहा टॉवर उभे राहतात, तिथे हे शटरिंग (काँक्रीटचा साचा) चोख. एका विंगच्या, मजल्यावर चार फ्लॅट असलेल्या इमारतीला त्याचा फायदा बिल्डरच्या वेळापत्रकाला होतो आणि तोटा घरात राहणाऱ्याला.

हिशोब बघा. मजल्याचं क्षेत्र ३५० चौ.मी. धरलं, तर भिंतींच्या दोन्ही बाजू आणि स्लॅबचा तळ मिळून साधारण ११०० चौ.मी. पॅनल लागतात. चौ.मी.ला २२ किलो धरले तरी २४ टन अ‍ॅल्युमिनियम. नीट वापरलेला सेट शंभराहून अधिक वेळा चालतो, इथे तो जेमतेम दहा-अकरा वेळा लागणार. त्यातही पार्किंगच्या मजल्याची उंची वेगळी, इमारत २४ मीटरवर गेली की रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी आसरा घ्यायची जागा), वर टेरेस. तिथे प्लायवूड आलंच. हा खर्च कुठून तरी वसूल होणार, म्हणजे सभासदांच्या वाढीव कार्पेट क्षेत्रातून.

---

पिन_वेज

नवा सेट घेतो कोण? एका विंगसाठी वापरलेला सेट भाड्याने येतो. निम्म्याहून अधिक पॅनल प्रमाणित मापांचे असतात, उरलेले कापून, वेल्ड करून त्या नकाशाला बसवतात. तुमचा २४ टनांचा हिशोब बरोबर, पण तो विकत घेणाऱ्याचा.

आता न दिसणारी बाजू. पारंपरिक बांधकामात ओल कुठून येते? बीमच्या तळाशी ब्लॉकची शेवटची ओळ बसते, त्या फटीतून. खिडकीची चौकट आणि ब्लॉक यांच्या सांध्यातून. पुण्यात पावसाचा मारा पश्चिमेकडून, त्या बाजूच्या बेडरूमचे पोपडे सगळ्यांनी पाहिलेत. अखंड काँक्रीटच्या भिंतीत पहिली फट नसतेच. खिडकीपाशी सिलचा (खालच्या कट्ट्याचा) उतार आणि छज्ज्याखालची पाणी तोडणारी खाच साच्यातच निघते.

आणि वेळ. पहिला मजला तीन-चार आठवडे खातो, कारण पॅनलना नंबर टाकणं, चुकलेली मापं सुधारणं तिथेच होतं. पुढे मजला सात ते दहा दिवसांत. सभासद भाड्याच्या घरात राहत असतात हो. त्यांना विचारा वेळेची किंमत.

---

ओळंबा

@पिन_वेज, सात दिवसांचं चक्र आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) शेजारी ठेवून बघा. भिंतीचं शटरिंग १६ ते २४ तासांनी काढा, हरकत नाही. स्लॅबचा तळ ३ दिवस. स्लॅबखालचे प्रॉप (टेकू) ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. म्हणजे पॅनलचा सेट एक असला तरी प्रॉपचे किमान तीन सेट हवेत. एका विंगच्या साइटवर दोनच येतात आणि तिसऱ्या मजल्यापासून खालचे प्रॉप पळवले जातात. हॉलच्या स्लॅबला पुढे पोट येतं ते यामुळे.

हे दिवससुद्धा साध्या (ओपीसी, म्हणजे भेसळ नसलेल्या पोर्टलँड) सिमेंटचे आणि तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाचे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री काय पारा असतो ते सांगायला नको, आणि आरएमसीत (प्लँटमधून येणाऱ्या तयार काँक्रीटमध्ये) ताकद उशिरा देणारी फ्लाय अ‍ॅश असतेच.

---

पिन_वेज

त्याच कलमात ताकद हा मुख्य निकष आहे, दिवस नंतर. काढतेवेळी येणाऱ्या ताणाच्या दुप्पट ताकद आली असेल तर आधी काढता येतं. त्यासाठी साइटवरच, स्लॅबच्या हवेत ठेवलेले क्यूब (काँक्रीटचे नमुना ठोकळे) फोडायचे, प्लँटच्या टाकीतले नव्हे. शिवाय या सिस्टिममध्ये प्रॉपचं डोकं जागेवर राहतं आणि बाजूची पॅनल निघतात, काढून पुन्हा टेकू लावायचा प्रकारच नाही. प्रॉप पळवणं हा साइटवरच्या माणसांचा दोष आहे, अ‍ॅल्युमिनियमचा नाही. प्लायवूडच्या साइटवर बल्ल्या पळवत नाहीत का?

---

सळई_बारा

दोघेही वरच्या मजल्यांवर भांडताय. खाली या, पार्किंगमध्ये.

वर प्रत्येक भिंत काँक्रीटची, म्हणजे मजले प्रचंड ताठ. तळमजल्यावर गाडीला अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब जागा द्यायची, म्हणून त्यातल्या निम्म्या भिंती जमिनीपर्यंत येतच नाहीत, ट्रान्सफर बीमवर (त्यांचा भार पेलणाऱ्या तुळईवर) थांबतात. भूकंपात सगळी हालचाल त्या एका मऊ मजल्यात गोळा होते. आयएस १८९३ (भूकंपाचं मानक) च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार पुणे झोन ३ मध्ये येतं आणि तीत अशा खंडित भिंतींवर कडक तरतुदी आहेत. मोठ्या भूखंडावर पार्किंग पोडियममध्ये (इमारतीलगतच्या बैठ्या मजल्यात) बाजूला काढता येतं. कोथरूडच्या वीस-पंचवीस गुंठ्यांत कुठे काढणार? मायवान घ्यायचं की नाही हे आर्किटेक्टने पार्किंगचा नकाशा हातात घेऊन ठरवावं, जाहिरात बघून नव्हे.

आयएस १३९२० प्रमाणे शिअर वॉलची (भूकंपाचा आडवा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंतीची) जाडी किमान १५० मिमी. आतल्या १०० मिमीच्या भिंतींना हिशोबात धरत नसाल तर त्या मुख्य भिंतींपासून खाच ठेवून वेगळ्या करा. नाहीतर कागदावर त्या भार घेत नाहीत आणि प्रत्यक्षात घेतात, मग तडकतात.

---

पश्चिममुखी

एप्रिलमध्ये संध्याकाळी अशा फ्लॅटच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, मग बोला.

१६० मिमी काँक्रीटची यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता आत येण्याचा दर) साधारण ३.५, १५० मिमी एएसी (हलका, सच्छिद्र) ब्लॉक प्लास्टरसह साधारण १. उष्णता साडेतीनपट आत येते. शिवाय भिंत दिवसभर तापते आणि झोपायच्या वेळी ती उष्णता खोलीत सोडते. वजनाचंही तेच: ३ मीटर लांब, २.९ मीटर उंच भिंत काँक्रीटची जवळपास साडेतीन टन, एएसीची एक टनाच्या आसपास. हे सगळं पायापर्यंत वाहून न्यायचं.

---

खडी_दहा

उष्णतेचा मुद्दा मान्य, पण खरी गोम ओतण्यात आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

१६० मिमीची भिंत घ्या. दोन्हीकडे २५ मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) गेलं, उरले ११०. दोन जाळ्या, प्रत्येकीत ८ मिमीची उभी आणि ८ मिमीची आडवी सळई, मिळून ३२. उरले ७८ मिमी. त्यात २५ चा कंड्युट (वायरची नळी), स्विचबोर्डचे डबे आणि वरून वायब्रेटरची सुई. ४० ची सुई कंड्युटपाशी अडकते, म्हणून २५ ची लागते. २० मिमी खडीचं नेहमीचं मिक्स इथे चालत नाही. १० किंवा १२.५ ची खडी आणि चांगलं वाहणारं मिक्स हवं. साइटवर ते आपोआप घट्ट वाटतं आणि कुणीतरी ट्रान्झिट मिक्सरमध्ये पाण्याचा पाइप सोडतो. ताकद तिथेच गेली.

सगळ्यात जास्त पोकळी खिडकीच्या सिलखाली. दोन्ही बाजूंनी काँक्रीट टाकलं की मधली हवा कोंडते. एकाच बाजूने टाकत राहायचं, दुसऱ्या बाजूला वर येताना दिसेपर्यंत, आणि सिलच्या पॅनलला भोक ठेवायचं. बाहेरून रबरी हातोड्याने ठोकत आवाज ऐकायचा. पूर्ण उंची एका दमात भरली तर तळाशी चौ.मी.ला सात टनांवर दाब येतो, वेज सैल असेल तर भिंत फुगते. मग चिपिंग, मग प्लास्टर, आणि 'प्लास्टर नाही' हा फायदा संपला.

गळतीबद्दल @पिन_वेज अर्धंच सांगतायत. टायच्या (समोरासमोरची पॅनल बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) स्लीव्हची भोकं मजल्यावर शेकड्यांनी असतात. ती आतून-बाहेरून दोन इंच मसाल्याने बुजवतात, मध्ये पोकळ नळी राहते. नॉन-श्रिंक ग्राउट पूर्ण जाडीत भरायला हवं. दुसरी जागा किकरचा (वरच्या मजल्याच्या साच्याला आधार द्यायला ठेवलेल्या पॅनलचा) सांधा, प्रत्येक स्लॅबच्या पातळीवर बाहेरून आडवी रेघ दिसते तो. तिथली सिमेंटची साय खरवडली नाही तर पाणी तिथूनच. तिसरी, खालची पॅनल वर द्यायला स्लॅबमध्ये ठेवलेली भोकं. ती संडास-बाथरूममध्ये आली तर कायमची कटकट.

---

पिन_वेज

@खडी_दहा, तिन्ही मान्य. पण या तिन्ही जागा नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात, तपासता येतात. ब्लॉकच्या भिंतीत गळती कुठल्या सांध्यातून आली हे शोधायला अख्खी भिंत सोलावी लागते.

---

सेक्रेटरी_३ब

मंडळी, आमच्या कमिटीसमोर असाच प्रस्ताव आहे. करारात नेमकं काय मागायचं? आणि भिंती पातळ असल्याने कार्पेट वाढतं असं बिल्डर म्हणतो, ते खरं का?

---

ओळंबा

साहेब, रेराच्या व्याख्येत आतल्या पार्टिशन भिंती कार्पेटमध्येच मोजतात. त्या पातळ झाल्या तर पाय ठेवायला थोडी जागा मिळेल, कागदावरचा आकडा हलणार नाही. बाहेरची भिंत मोजत नाहीत, पण १५० चा ब्लॉक अधिक प्लास्टर आणि १६० काँक्रीट यात फरक एखाद-दीड इंचाचा.

मागायचंच असेल तर मधला मार्ग मागा: कॉलम, बीम, लिफ्टची भिंत आणि स्लॅब अ‍ॅल्युमिनियममध्ये, बाहेरच्या आणि आतल्या भिंती एएसीच्या. पुढे स्वयंपाकघर मोठं करायचं झालं तर भिंत पाडता येते.

---

सळई_बारा

मधल्या मार्गात बीम-ब्लॉकची फट परत आली, हे सांगा ना त्यांना. तिथे फायबरची जाळी आणि वरची शेवटची ओळ काही दिवसांनी भरणं करारात लिहून घ्या.

पूर्ण मायवान घेणार असाल तर: दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यांत ४५ अंशांत जादा सळया, साचा काढल्यावर लगेच क्युरिंग कंपाउंड (ओल टिकवणारा लेप), प्रत्येक ओतकामाच्या क्यूबचे निकाल सोसायटीच्या पीएमसीकडे (प्रकल्प सल्लागाराकडे, महापालिकेकडे नव्हे). आणि एसीचे पाइप, चिमणी, वॉटर प्युरिफायर, इंटरनेटची तार, सगळ्यांची भोकं सभासदांकडून पहिल्या स्लॅबआधी नक्की करून घ्या. नंतर मशिनने तीन इंची भोक (कोअर) पाडताना शिअर वॉलची सळई कापली जाते आणि ती परत जोडून मिळत नाही.

---

सेक्रेटरी_३ब

चोवीस सभासद एसीची जागा पहिल्या स्लॅबआधी ठरवतील? आमच्याकडे गेटचा रंग ठरायला दोन सर्वसाधारण सभा लागल्या.

---

पिन_वेज

मग प्रत्येक खोलीत बाहेरच्या भिंतीला दोन स्लीव्ह घालून घ्या आणि एक बंद करून ठेवा. पाइपचे तुकडे आहेत, किती खर्च येणार?

---

खडी_दहा

स्लीव्ह बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवा. सरळ बसवली तर पावसाचं पाणी आत येतं, आणि बंद ठेवलेल्या स्लीव्हकडे पुढे कुणी बघत नाही.